शहरातल्या दूषित जमिनीच्या तपासणीसाठी अमेरिकेत सरकारी अनुदान कसं मिळवायचं: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

कोपऱ्यावर वर्षानुवर्षं बंद पडलेलं एखादं गॅस स्टेशन असेल, तर एकदा त्याच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत बघा. भिंतीला लागून दोन-तीन बारीक लोखंडी पाइप छपराच्या वरपर्यंत गेलेले दिसले, तर जमिनीखाली टाक्या असण्याची दाट शक्यता आहे. टाक्यांतली वाफ बाहेर सोडण्यासाठी ते पाइप बसवलेले असतात. पंप कधीच उचलून नेलेले असतात, पाटी उतरवलेली असते, काँक्रीटच्या भेगांतून गवत वर आलेलं असतं, पण पाइप तसेच उभे असतात. अशा प्लॉटला गिऱ्हाईक मिळत नाही. माती किती खराब आहे हेच कुणाला ठाऊक नसतं, आणि त्या अंधारात कुणी पैसे घालत नाही. बँक कर्ज देत नाही, बिल्डर फिरकत नाही, शहराला कर मिळत नाही.

मी अमेरिकेतल्या एका जुन्या गिरणी-शहरात, वस्तीविकासाचं काम करणाऱ्या छोट्या ना-नफा संस्थेत आहे. आमच्याकडचे बरेच मराठी मित्रमैत्रिणी आता शहरांच्या नियोजन खात्यांत नाहीतर स्थानिक संस्थांच्या मंडळांवर आहेत. त्यांचे फोन येतात, "ताई, ते ब्राउनफील्डचं अनुदान असतं म्हणे, ते कसं मिळवायचं?" ब्राउनफील्ड म्हणजे प्रदूषणामुळे किंवा त्याच्या संशयामुळे अडून पडलेली जमीन. दरवेळी तासभर बोलून जे सांगते, ते इथे लिहून ठेवते आहे.

हे पैसे नेमके कशासाठी असतात

थोडा इतिहास माहीत असला की पुढचे नियम डोक्यात चटकन बसतात. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनल वस्तीखाली पुरलेली रसायनं वर येऊ लागली आणि १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर १९८० मध्ये सुपरफंडचा कायदा आला. घाण कुणी केली हे सिद्ध होण्याची वाट न बघता जमिनीच्या मालकालाही सफाईसाठी जबाबदार धरायची ताकद त्या कायद्यात होती. अतिदूषित जागांसाठी ते गरजेचंच होतं. पण शहरातली साधी जुनी गोदामं, गॅरेजं, ड्रायक्लीनिंगची दुकानं घ्यायलाही लोक घाबरू लागले. कारखानदार शहराबाहेरच्या शेतजमिनीकडे वळले आणि आतल्या जागा ओस पडल्या.

ही कोंडी फोडण्यासाठी पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९३ मध्ये ओहायोतल्या कायाहोगा काउंटीत, म्हणजे क्लीव्हलँडच्या परिसरात, पहिला प्रायोगिक प्रकल्प घेतला. ११ जानेवारी २००२ रोजी या कार्यक्रमाला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. २०१८ च्या दुरुस्तीने ना-नफा संस्थांनाही तपासणीच्या अनुदानासाठी पात्र केलं, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्राउनफील्डसाठी ५ वर्षांत मिळून १.५ अब्ज डॉलर दिले. देशात अशा जागा साडेचार लाखांहून जास्त असाव्यात, असा ईपीएचाच अंदाज आहे.

२००२ च्या कायद्यातल्या व्याख्येत एक शब्द फार मोलाचा आहे. प्रदूषण प्रत्यक्ष असलेली जागा तर ब्राउनफील्ड असतेच, पण प्रदूषण असण्याच्या *शक्यतेमुळे* जिचा पुनर्वापर अडला आहे तीही ब्राउनफील्डच. म्हणजे पुरावा नसला तरी चालतो. नुसत्या संशयाने अडकलेल्या जागेचा संशय फेडण्यासाठीच हे पैसे आहेत. तपासणीत माती स्वच्छ निघाली तरी पैसे सार्थकी लागले, आणि वाईट निघाली तरीही लागले, कारण आता सफाईचा आकडा मांडता येतो. आमच्या मंडळावरच्या एका सभासदांना वाटायचं की काही सापडलं नाही तर अनुदान फुकट गेलं. त्यांची समजूत घालायला मला दोन बैठका लागल्या.

अर्ज लिहिण्याआधी: पैशांऐवजी तपासणीच मागता येते

नवख्या मंडळींना मी सगळ्यात आधी हेच सांगते, कारण हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. तुमच्या डोळ्यांसमोर एक-दोनच प्लॉट असतील तर मोठ्या अनुदानाच्या मागे लागू नका. ईपीएची टार्गेटेड ब्राउनफील्ड असेसमेंट नावाची सोय आहे. तीत ईपीए आपला ठेकेदार पाठवून जागा तपासून देते. तुमच्या खात्यात पैसे येत नाहीत, त्यामुळे हिशेब, टेंडर, तिमाही अहवाल ही कटकटही येत नाही. अर्ज काही पानांचा असतो आणि ईपीएच्या तुमच्या विभागीय कार्यालयाकडे करायचा असतो. देशभरात अशी १० विभागीय कार्यालयं आहेत. बऱ्याच राज्यांच्या पर्यावरण खात्यांकडेही केंद्राच्या पैशातून चालणारी अशीच सोय असते.

दुसरी सोय टॅब या नावाने ओळखली जाते. विद्यापीठं आणि तज्ज्ञ संस्था ईपीएच्या पैशातून समाजगटांना फुकट सल्ला देतात. तुमच्या अर्जाचा कच्चा खर्डा ते वाचतात, कुठे पाणी मुरतंय ते दाखवतात, वस्तीच्या बैठकाही घेऊन देतात. अर्ज ते लिहून देत नाहीत, आणि ते बरंच आहे. पहिला फोन त्यांनाच करा.

आमच्या संस्थेने सुरुवात अशाच एका फुकट तपासणीने केली. पुढच्या वर्षी मोठ्या अनुदानासाठी अर्ज केला तेव्हा 'आम्ही हे काम एकदा पार पाडलं आहे' असं लिहिता आलं, आणि ते खरं होतं.

कोण पात्र, कुठली जागा पात्र

शहरं, काउंट्या, राज्यं, आदिवासी राष्ट्रं, पुनर्विकास प्राधिकरणं आणि ५०१(सी)(३) या करमुक्त दर्जाच्या ना-नफा संस्था अर्ज करू शकतात. खासगी व्यक्ती किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या करू शकत नाहीत. सुपरफंडच्या राष्ट्रीय अग्रक्रम यादीतली जागा, त्या कायद्याखाली सफाईचा आदेश निघालेली जागा आणि केंद्र सरकारच्या ताब्यातली जागा सहसा बाद होते. आणि ज्याने घाण केली त्याला स्वतःचीच घाण तपासण्यासाठी हे पैसे वापरता येत नाहीत. जागा पेट्रोलियमने दूषित असेल, म्हणजे आपलं गॅस स्टेशन, तर तिची पात्रता साधारणपणे राज्याचं खातं ठरवतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ती विचारणा लवकर करा.

शहरभरच्या जागांसाठीच्या अनुदानाची कमाल रक्कम अलीकडच्या वर्षांत ५ लाख डॉलर राहिली आहे आणि मुदत साधारण ४ वर्षांची. तपासणीच्या अनुदानात तुम्हाला पदरचा वाटा घालावा लागत नाही. तरी दरवर्षीची मार्गदर्शक पुस्तिका नव्याने वाचा. रकमा, पानांची मर्यादा, गुणांची वाटणी हे सगळं बदलत असतं, आणि गेल्या वर्षीची पुस्तिका हाताशी धरून भरलेला अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो.

नोंदणी: इथेच आमचं एक वर्ष वाया गेलं

केंद्र सरकारचं कुठलंही अनुदान हवं असेल तर आधी सॅम डॉट गव्ह या ठिकाणी संस्थेची नोंद लागते. तिथे यूईआय हा ओळख क्रमांक मिळतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाच्या जागी हाच चालतो. त्यानंतर ग्रँट्स डॉट गव्हवर खातं उघडायचं आणि अर्ज दाखल करायचा अधिकार असलेली व्यक्ती नेमायची. सॅमची नोंद दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि तिथलं संस्थेचं नाव करखात्याकडच्या नावाशी अक्षरशः जुळावं लागतं.

आमच्या नावात एक स्वल्पविराम होता. करखात्याकडे तो होता, सॅमवर नव्हता. शेवटच्या तारखेला अठरा दिवस उरले असताना हे ध्यानात आलं. दुरुस्तीची कागदपत्रं मंजूर होईपर्यंत तारीख उलटून गेली होती. दहा पानांचा अर्ज पूर्ण लिहून झालेला, वस्तीतल्या लोकांची पत्रं जमवलेली, आणि ते सगळं टेबलावर तसंच पडून राहिलं. ज्या बाईंनी तीन-तीन बसगाड्या बदलून सह्या आणून दिल्या होत्या, त्यांना हे सांगताना मला बोलवेना. म्हणून कळकळीने सांगते: अर्जातलं पहिलं वाक्य लिहिण्याआधी नोंदणी तपासा, आणि संस्थेतल्या दोन माणसांकडे तिचे हक्क ठेवा.

जागांची यादी आणि त्यांची कुंडली

मला मनापासून आवडणारा भाग हा. चार-पाच प्लॉट निवडा आणि प्रत्येकाचा इतिहास शोधा. त्यासाठी सॅनबॉर्न नकाशांसारखं साधन नाही. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी १८६७ पासून हे नकाशे काढले गेले. एकेक इमारत त्यात रंगवलेली आहे. विटांची गुलाबी, लाकडाची पिवळी. कुठे बॉयलर होता, कुठे रंगाचं कोठार, पेट्रोलची टाकी कुठे, हे सगळं नोंदलेलं, कारण विमावाल्यांना आगीची धास्ती होती. त्यांची ती धास्ती आज आपल्या उपयोगी पडते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात यातले बरेचसे नकाशे ऑनलाइन बघता येतात. जोडीला शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, बांधकाम परवाने आणि अग्निशमन दलाकडची टाक्यांची नोंद बघा.

मग माणसांकडे जा. आमच्या यादीत एक कपडे धुण्याचं दुकान होतं, नाण्यांवर चालणारी यंत्रं असलेलं. कागदोपत्री स्वच्छ. पलीकडच्या गल्लीत एक सत्तरी उलटलेले न्हावी राहतात, त्यांच्या पायरीवर बसून बोलत होते. ते सहज म्हणाले, "पुढे धुलाई होती, पण मागच्या खोलीत ड्रायक्लीनिंगचं यंत्र होतं. दार उघडलं की गोडसर वास यायचा, माझं डोकं दुखायचं." परक्लोरोएथिलीन या द्रावकाला तसाच गोडसर वास असतो. ते जमिनीत मुरतं, पाण्याहून जड असल्यामुळे खोल जातं, आणि वर्षांनंतरही त्याची वाफ पायाच्या भेगांतून वरच्या घरात शिरू शकते. पुढे तपासणीत मागच्या खोलीच्या फरशीखालच्या वाफेत ते सापडलं. वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहत होतं. फाइलमध्ये त्या यंत्राचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

अर्ज लिहिताना

मुख्य निवेदन १० पानांत बसवायचं असतं, जोडीला माहितीपत्रक आणि पात्रतेची उत्तरं. राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र सक्तीचं आहे. ते महिनाभर आधी मागा, कारण त्या दिवसांत सगळेच मागत असतात.

परीक्षक तुमचं शहर ओळखत नाहीत. 'आमचा परिसर मागासलेला आहे' या वाक्याला गुण मिळत नाहीत. कुठल्या जनगणना विभागात किती टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत, मुलांच्या रक्तातल्या शिशाची आणि दम्याची आकडेवारी काय सांगते, शाळेपासून ती जागा किती पावलांवर आहे, हे लिहा. नंतर जागेचं पुढे काय होणार ते सांगा: तिथे दवाखाना हवा आहे का, परवडणारी घरं हवी आहेत का, आणि शहराच्या मंजूर आराखड्यात त्याला कुठे आधार आहे. हा धागा ज्या अर्जांत तुटतो ते अर्ज पडताना मी पाहिले आहेत. गरज एका वस्तीची सांगतात, जागा दुसऱ्या वस्तीतल्या निवडतात आणि आराखडा तिसराच जोडतात.

खर्चाच्या तक्त्यात कामं मोजून लिहा: किती फेज वन (कागदपत्रं आणि पाहणीवरची तपासणी), किती फेज टू (माती-पाण्याचे नमुने घेऊन केलेली तपासणी), किती बैठका, प्रत्येकी किती रक्कम. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. दुभाष्याचे पैसे आधीच धरून ठेवा. वस्तीत स्पॅनिश किंवा व्हिएतनामी बोलणारी घरं असतील आणि बैठक इंग्रजीतच झाली, तर ती बैठक झाली असं मी तरी म्हणणार नाही.

सल्लागार कंपन्या 'अर्ज फुकट लिहून देतो' म्हणत येतील. सांभाळून. अनुदान मिळाल्यावर सल्लागार खुल्या स्पर्धेतूनच निवडावा लागतो. अर्ज लिहून दिला म्हणून काम त्यांनाच द्यायचं, हे केंद्राच्या खरेदी नियमांत बसत नाही. जवळच्या ज्या शहराला अनुदान मिळालंय, त्यांच्याकडून त्यांचा जुना अर्ज मागून घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात. आणि तुमचा अर्ज नाकारला गेला तर ईपीएकडे कारणमीमांसेची बैठक मागा. आमचा दुसरा अर्ज त्या बैठकीतल्या टिपणांवरच उभा राहिला.

मंजुरी मिळाल्यावर

पहिल्या दिवशी कुदळ मारता येत नाही. ईपीएशी सहकार्य करार होतो, कामाचा आराखडा मंजूर होतो, सल्लागाराची निवड होते. प्रत्येक जागेची पात्रता वेगळी मंजूर करून घ्यावी लागते, आणि नमुने घेण्याआधी गुणवत्ता हमीच्या योजनेला मंजुरी लागते. पहिलं वर्ष यातच जातं, त्यामुळे वस्तीतल्या लोकांना सुरुवातीलाच तसं सांगून ठेवा.

फेज वनमध्ये माती उकरत नाहीत. नोंदी, जागेची पाहणी आणि मुलाखती यांवरून काय संशयास्पद आहे ते ठरवतात. हे काम नियमात सांगितलेली पात्रता असलेल्या पर्यावरण व्यावसायिकाच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं. सध्या त्यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ई १५२७-२१ हे मानक वापरतात. फेज टूमध्ये भोकं पाडून माती, भूजल आणि मातीतली वाफ यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. फेज वन काही हजार डॉलरांत होते, फेज टूला त्याच्या कित्येक पट लागतात.

इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. तुमची संस्था किंवा शहर ती जागा विकत घेणार असेल, तर फेज वन खरेदीच्या *आधी* झालेली हवी. मुलाखती, नोंदी, पाहणी, बोजांचा शोध आणि व्यावसायिकाचं घोषणापत्र हे भाग खरेदीच्या तारखेपासून मागे १८० दिवसांच्या आतले हवेत. त्यातला सगळ्यात जुना भाग कधीचा आहे तिथून दिवस मोजायचे, अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या तारखेवरून नाही. मुदत चुकली की प्रामाणिक खरेदीदार म्हणून मिळणारं कायद्याचं संरक्षण जातं, आणि पुढे सफाईच्या अनुदानाचं दारही बंद होऊ शकतं. एका शहराच्या कर्मचाऱ्याने मला फोन केला तेव्हा त्यांचं खरेदीखत १८८ व्या दिवशी झालेलं होतं.

जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल तर लेखी परवानगी लागते, आणि खरा कस इथे लागतो. मालकाची भीती खोटी नसते. फेज टूमध्ये काही सापडलं तर कित्येक राज्यांत ते राज्याला कळवणं बंधनकारक असतं. हे लपवून परवानगी मिळवू नका. मालकाला सांगा की काय सापडू शकतं, सापडलं तर कुणाला कळवावं लागेल, सफाईसाठी राज्याचा ऐच्छिक कार्यक्रम आहे का, टाक्यांसाठी राज्याचा निधी आहे का. त्याला स्वतःचा वकील गाठायला वेळ द्या. आमच्या गॅस स्टेशनच्या मालकीणबाईंनी होकार द्यायला सात महिने घेतले. ते त्यांच्या दिवंगत पतीचं दुकान होतं, आणि पतीने जमीन नासवली असं कुणी म्हणेल, ही त्यांची खरी चिंता होती. त्या काळात टाक्या अशाच पुरायचे, आणि पोलादाला गंज चढला तर त्यात त्यांचा दोष नाही, हे आमच्या भूवैज्ञानिकाने त्यांच्या स्वयंपाकघरात बसून समजावलं, तेव्हा सही झाली.

सफाईच्या पर्यायांचा आणि खर्चाचा अभ्यासही याच अनुदानातून करता येतो. प्रत्यक्ष सफाई मात्र करता येत नाही. तिला वेगळं अनुदान आहे, आणि त्यासाठी जागा अर्जदाराच्या मालकीची असावी लागते. दरम्यान तिमाही अहवाल आणि ईपीएच्या एकर्स या प्रणालीतल्या नोंदी वेळच्या वेळी भरा. पुढच्या अर्जाच्या वेळी परीक्षक तुमचं हे जुनं काम बघतात.

निष्कर्ष हाती आले की ते आधी त्या जागेवर राहणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना सांगा, वर्तमानपत्राला नंतर. कपड्यांच्या दुकानावरच्या त्या कुटुंबाकडे आम्ही राज्याच्या आरोग्य खात्याच्या माणसाला बरोबर घेऊन गेलो, घरातली हवा तपासण्याची तारीख तिथेच ठरवली, आणि फरशीखालची वाफ बाहेर ओढून काढणारा पंखा कसा बसवतात ते कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांच्या मोठ्या मुलीने तो कागद घडी घालून ठेवून घेतला. पूर्ण अहवालाची छापील प्रत वस्तीच्या वाचनालयात ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर साध्या भाषेतला एक पानी सारांश इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये चिकटवला आहे.